बटण दाबायचं की कमांड लिहायची?

समजा, गणपतीला सुट्टी टाकून तुम्ही तुडीलला घरी आला आहात. नोकरी नवी मुंबईत, एका कंपनीच्या नेटवर्क टीममध्ये. रात्रीची आरती आटोपून जरा पाठ टेकता तोच ऑफिसचा फोन येतो: ‘तीन नंबरचा सर्व्हर गंडलाय, लोड बॅलन्सरमधून बाहेर काढ.’ लॅपटॉप उघडता, मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करता आणि पडवीच्या ज्या कोपऱ्यात दोन काड्या येतात तिथे जाऊन बसता. यंत्राचं वेबपान उघडायला लागतं. वरची पट्टी येते, डावीकडचा मेनू येतो, बटणं काही येत नाहीत. पांढरा पडदा आणि गोल गोल फिरणारं चक्र.

महाडच्या खाडीपट्ट्यात किंवा पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवर वाढलेल्या पोरांना यात नवल वाटणार नाही. पण आयटीवाल्यांच्या एका जुन्या भांडणाचा निकाल मला अशा पडवीतच लागताना दिसतो. भांडण असं: नेटवर्कची ही यंत्रं माऊसने चालवायची की कमांड लिहून? ग्राफिकल इंटरफेस की कमांड लाइन?

आधी यंत्राचं काम काय ते बघू. गणपतीत चाकरमानी पोलादपूर ओलांडून कशेडीला येतात, तेव्हा पुढे दोन वाटा असतात, जुना घाट आणि नवा बोगदा. तिथे उभा असलेला पोलीस काही गाड्या इकडे, काही तिकडे वळवतो, म्हणून कुठलीच वाट तुंबत नाही. लोड बॅलन्सर वेबसाइटच्या दारात उभा राहून हेच करतो. आत दहा सर्व्हर असतील तर येणारी माणसं त्या दहांत वाटतो. शिवाय दर काही सेकंदांनी प्रत्येक सर्व्हरला विचारतो, ‘आहेस ना रे?’ उत्तर आलं नाही, तर त्या वाटेला पुढची गाडी पाठवत नाही. याला हेल्थ चेक म्हणतात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल पडला आणि पुढे पूल नाही हे न कळल्यामुळे एसटीच्या दोन बस नदीत गेल्या. महाडच्या माणसाला हेल्थ चेकचं महत्त्व वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आणि गर्दी म्हणजे किती? १६ जुलै २०२१ आठवा. दहावीचा निकाल दुपारी एक वाजता लागायचा होता. राज्यभरातली १५ लाखांहून जास्त पोरं आणि त्यांच्या घरचे एकाच वेळी वेबसाइटवर आले, आणि ती कित्येक तास उघडेना. निकाल ९९.९५ टक्के, पण स्वतःचा आकडा बघायला संध्याकाळ झाली. तुमच्यातल्या कित्येकांनी ती दुपार काढली आहे. अशा दिवशी दारातल्या यंत्राला हात लावणाऱ्या माणसाच्या हातात काय असावं, हा आपला प्रश्न.

माझं मत आधीच सांगून टाकते. बघायला ग्राफिकल, बदलायला कमांड. आणि शिकणाऱ्याने कमांडला घाबरून ती ‘नंतर बघू’ म्हणून ठेवू नये.

पहिलं कारण पडवीतलंच. या यंत्रांचं वेबपान म्हणजे चित्रं, आलेख, स्क्रिप्ट असं मोठं बोचकं असतं. ते अख्खं उतरल्याशिवाय बटण दिसत नाही. एसएसएचने कमांड लाइनला जोडलात, तर तुम्ही दाबलेल्या एका अक्षरासाठी जेमतेम शंभरेक बाइट जातात. एका काडीवरही ते चालतं. अक्षर थोडं उशिरा उमटेल, पण उमटेल. मध्येच रेंज गेली तरी पंचाईत होऊ नये म्हणून लोक वाटेतल्या एखाद्या लिनक्स सर्व्हरवर ‘टीमक्स’ किंवा ‘स्क्रीन’ चालू ठेवतात. परत जोडलं की काम होतं तिथेच सापडतं. जुलै २०२१ च्या पुरात महाडकरांनी फोन बंद पडणं म्हणजे काय ते पाहिलंय. संकट येतं तेव्हा नेमकी लाइन बारीक झालेली असते. बारीक लाइनवर जे चालतं ते हाताशी हवंच.

दुसरं कारण मला त्याहून मोठं वाटतं. कमांड ही लिहिलेली गोष्ट असते. ती आधी कागदावर मांडता येते, सीनियरला व्हॉट्सअॅपवर पाठवून ‘दादा, बरोबर आहे का?’ विचारता येतं, उद्या तीच परत चालवता येते, चाळीस सर्व्हरसाठी चाळीस ओळी करता येतात. माऊसचं तसं नाही. ‘वर उजवीकडे गिअरसारखं चिन्ह आहे ना, त्याच्या खाली, नाही नाही, त्याच्या बाजूचं’ हा संवाद फोनवर कुणी ऐकला नाही? क्लिकांची नोंद यंत्राच्या ऑडिट लॉगमध्ये राहते, हे खरं. पण ती झाल्यावर वाचायची. करण्याआधी दुसऱ्याच्या नजरेखालून घालता येते ती लिहिलेली कमांड. मोठ्या कंपन्यांत आता लोड बॅलन्सरची सगळी मांडणी मजकुराच्या फायलींमध्ये ठेवतात आणि बदल दोघांनी वाचल्याशिवाय पुढे जात नाही, ते यामुळेच.

मराठी माध्यमातल्या पोरांचा एक प्रश्न मला नेहमी येतो: ‘कमांडला इंग्रजी लागतं ना?’ लागतं, पण किती? शो, लिस्ट, क्रिएट, मॉडिफाय, डिलीट, सेव्ह अशी पंचवीसतीस क्रियापदं फिरून फिरून येतात. वेबपानावर त्यापेक्षा जास्त इंग्रजी असतं, फक्त ते रंगीत असल्यामुळे भीती वाटत नाही. आणि कमांड चुकली तर यंत्र लगेच तोंडावर सांगतं.

आता कमांडवाल्यांची घमेंड. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं हलली की माणूस हुशार, आणि माऊस हातात घेतला की कच्चा, असा एक थिल्लर समज कॉलेजपासून ऑफिसपर्यंत पसरलाय. तो सोडा. एफ-फाइव्ह कंपनीच्या बिग-आयपी यंत्राचंच बघा. सर्व्हर बाहेर काढायचे तिथे दोन प्रकार आहेत. ‘डिसेबल्ड’ केलात तर नवीन माणसं येत नाहीत, पण चालू जोडण्या आणि ज्यांची आधीपासून त्या सर्व्हरशी गाठ बांधलेली आहे ती माणसं येत राहतात. ‘फोर्स्ड ऑफलाइन’ केलात तर फक्त चालू जोडण्या पुऱ्या होतात, गाठ असलेलेही परत येऊ शकत नाहीत. वेबपानावर हे पर्याय एकाखाली एक, त्यांचा अर्थ शेजारी लिहून दिलेले असतात. कमांडमध्ये पहिल्यासाठी ‘सेशन युजर-डिसेबल्ड’, आणि दुसऱ्यासाठी त्याला जोडून ‘स्टेट युजर-डाउन’. ज्याला फरक माहीत नाही त्याला कमांड तो सांगणार नाही. म्हणून नव्या माणसाने पहिले दोन महिने वेबपान मन लावून वाचावं, यात कमीपणा नाही. आणि कुठला सर्व्हर धापा टाकतोय, गर्दी कधी चढली, हे आलेखात एका नजरेत दिसतं. आकड्यांच्या रांगेत ते शोधत बसावं लागतं.

त्याच यंत्रात आणखी एक गंमत आहे, आणि ती गंमत वाटते ती दुसऱ्याच्या बाबतीत घडते तोवरच. वेबपानावरून केलेला बदल आपोआप साठवला जातो. कमांडने केलेला बदल लगेच लागू होतो, पण ‘सेव्ह सिस कॉन्फिग’ म्हटलं नाहीत तर यंत्र रीस्टार्ट झालं की तो गेला. सिट्रिक्सच्या नेटस्केलरमध्ये तर दोन्हीकडून आठवणीने सेव्ह करावं लागतं.

कमांडचा खरा धोका तिच्या ताकदीत आहे. ती ‘नक्की ना?’ असं विचारेलच याची खात्री नाही. २४ डिसेंबर २०१२ ला अॅमेझॉनच्या क्लाउडमध्ये एका डेव्हलपरने देखभालीची एक प्रक्रिया चालवली. ती चुकून चालली खऱ्या लोड बॅलन्सरच्या माहितीवर. त्या माहितीचा काही भाग पुसला गेला, आणि ऐन नाताळच्या आदल्या संध्याकाळी अमेरिकेत नेटफ्लिक्स अडखळलं. सगळं पूर्ववत व्हायला दुसरा दिवस उजाडला. पुढे २८ फेब्रुवारी २०१७ ला त्याच कंपनीच्या साठवणुकीच्या सेवेत एका कमांडमधला एक भाग चुकीचा टाइप झाला आणि काढायचे होते त्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर निघाले. त्यानंतर कंपनीने कुणाची बोटं कापली नाहीत. त्या हत्यारालाच मर्यादा घातली: एका झटक्यात इतके सर्व्हर काढता येणार नाहीत, आणि किमान संख्येच्या खाली जाता येणार नाही. मला हे आवडलं. चूक टाइप करणाऱ्याच्या माथी मारणं सोपं असतं.

मग बटणच सुरक्षित, असं म्हणाल? जुलै २०२० मध्ये याच बिग-आयपीच्या वेबपानातलं एक भोक उघडकीस आलं. तीव्रता १० पैकी १०. ज्याचं वेबपान इंटरनेटवर उघडं होतं, त्याच्या यंत्राचा ताबा पासवर्डशिवाय बाहेरच्याला घेता येत होता. जगभरच्या अॅडमिननी ते दिवस धावपळीत काढले. जितकं मोठं पान, तितक्या जास्त खिडक्या. आणि खिडकी कुणीतरी उघडी ठेवतोच. एसएसएचलाही भोकं सापडतात. म्हणून पान असो की कमांड, दोन्हीचा रस्ता व्हीपीएनच्या आतूनच असला पाहिजे, घरून काम करताना तर नक्कीच. आणि कुणीतरी पाठवलेली कमांड न वाचता चिकटवू नका. पाठवणारा सख्खा मामेभाऊ असला तरी नाही.

हे सगळं लिहायचं कारण क्लासच्या जाहिराती. महाडपासून पनवेलपर्यंत भिंतीवर ‘नेटवर्किंग शिका, नोकरी पक्की’ लिहिलेलं असतं. अशा काही क्लासमध्ये भरपूर फी घेऊन एका कंपनीच्या वेबपानावर कुठे क्लिक करायचं तेवढंच शिकवतात. पुढच्या आवृत्तीत बटण सरकलं की पोरगं अडलं. लोणेऱ्याच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात किंवा पॉलिटेक्निकला असाल, तर सरांना हे थेट विचारा: आमच्याकडून कॉन्फिगरेशन हाताने लिहून घेणार का? क्लास लावणार असाल तर पैसे भरण्याआधी विचारा. उत्तरात फक्त सर्टिफिकेटचं नाव आलं, तर दुसरा क्लास बघा.

किंवा बिनपैशात सुरुवात करा. चुलतभावाचा जुना लॅपटॉप, त्यावर लिनक्स, आणि एचएप्रॉक्सी. हे फुकट आहे आणि मोठ्या मोठ्या साइट ते वापरतात. त्याची मांडणी एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते, आणि ती चालू करण्याआधी तपासायची सोय एका ओळीत आहे. शिवाय त्याचं एक आकडेवारीचं वेबपान आहे. म्हणजे बघायला पान, बदलायला फाइल. मला म्हणायची ती वाटणी तिथे आयती मिळते. पायथनचे दोन छोटे वेब सर्व्हर वेगवेगळ्या पोर्टवर चालू करा, फाइलमध्ये दोघांची नावं लिहून पुढे ‘चेक’ लिहा, आणि पान उघडा. दोन्ही ओळी हिरव्या दिसतील. मग एक सर्व्हर बंद करा. एचएप्रॉक्सी मूळ सेटिंगमध्ये दर दोन सेकंदांनी विचारतं आणि तीनदा उत्तर आलं नाही की नाव काढतं, म्हणजे साधारण सहा सेकंदांत ती ओळ लाल होईल. तेवढ्या वेळात ब्राउझरमध्ये तुमची साइट पुन्हा पुन्हा उघडून बघा आणि काय दिसलं ते वहीत लिहून ठेवा.