केसिंगची माती आणि माझी चूक

गेल्या महिन्यात ताईकडे नाशिकला गेले होते. जेवताना विषय निघाला तो भाच्याच्या अळिंबीचा. पोराने हौसेने दुधी अळिंबीच्या 30 पिशव्या लावल्या होत्या, त्यातल्या 24 हिरव्या पडल्या. भाऊजी म्हणाले, "नोकरी सांभाळून असले उद्योग होत नाहीत, मी आधीच सांगितलं होतं." ताईचं म्हणणं, बियाणं विकणाऱ्यानेच फसवलं. भाचा मान खाली घालून जेवत राहिला. आणि मीही गप्प बसले! ते गप्प बसणं मला गेला महिनाभर खातंय, म्हणून आज हे लिहायला घेतलं.

तर मंडळी, बियाणं चांगलं होतं. इगतपुरीकडून आणलेला भाताचा पेंढा त्याने नीट भिजवला, गरम पाण्यातून काढला, निथळवला, पिशव्या भरल्या. विसाव्या दिवशी त्याने मला फोटो पाठवला होता. पिशव्या आतून पांढऱ्याशुभ्र, अगदी दह्यासारख्या. मग त्याने विचारलं, "मावशी, आता पिशवीचं तोंड उघडून वरून माती घालायची असते ना? कसली घालू?"

मी रत्नागिरीत चार वर्षं धिंगरी अळिंबी करते, त्यामुळे घरात मी या विषयातली जाणकार. पण धिंगरीला केसिंग लागतच नाही! ती पेंढ्यातूनच बाहेर येते. "मला माहीत नाही" असं म्हणायचं सोडून मी ऐटीत सांगितलं, "गांडूळखत घाल की चांगलं जाड. ताकद मिळेल." त्याने ऐकलं. तीन बोटं जाडीचा, न वाफवलेल्या खताचा थर दिला आणि वर रोज पाणी मारलं. आठव्या दिवशी हिरवी बुरशी आली.

परत आल्यावर मी कृषी विद्यापीठाच्या पुस्तिका काढून बसले, आणि मग पाच पिशव्या स्वतः लावल्या. तेव्हा कळलं की माझी समजूत मुळातच उलटी होती. केसिंग म्हणजे खत नव्हे. अळिंबीला लागणारं अन्न सगळं खाली पेंढ्यात असतं. वरच्या थराने द्यायचा तो ओलावा. तंतू पेंढ्यातून वर येतात, या मातीत त्यांना खायला फारसं काही मिळत नाही, ओल मात्र मिळते, हवा मिळते, आणि तिथे ते पसरायचं थांबवून फळ धरतात. बटन अळिंबीच्या बाबतीत तर असं दिसलं आहे की थरातले काही जिवाणूही या कामाला मदत करतात. आपण तिथे कच्चं, कसदार खत घातलं की आपल्या बुरशीआधी दुसऱ्याच बुरशा पंगतीला येऊन बसतात. गांडूळखत नीट वाफवून, मातीत मिसळून वापरणारेही आहेत. पण आम्ही जे केलं ते तसं नव्हतं.

आता मी काय केलं ते सांगते. आमच्याकडे नारळाला तोटा नाही, त्यामुळे काथ्याचा भुसा सहज मिळाला. तो तीन वेळा पाणी बदलून धुतला, कारण किनाऱ्यावरच्या भुशात मीठ असतं. त्यात तितकंच जुनं शेणखत घातलं. जुनं म्हणजे दोन वर्षं पडून राहिलेलं, हातात घेतलं तर शेणाचा वास न येता मातीचा येणारं. दोन्ही चाळून घेतलं. मग खडूची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, थोडी थोडी मिसळली, सामू साडेसातच्या आसपास येईपर्यंत. (पानाचा चुना घालू नका, तो फार तीव्र पडतो.) मग मोठ्या पातेल्यात चाळणीवर कापडात बांधून वाफवलं. पुस्तिकेत 60 ते 65 अंशांवर सहा-आठ तास असं दिलं आहे. घरच्या गॅसवर ते सांभाळणं म्हणजे दिवसभराचं काम, पण होतं.

जुन्या पुस्तिकांत वाफेऐवजी फॉर्मॅलिन मारायला सांगितलेलं आढळेल. माझं स्पष्ट मत, घरात ते आणूच नये. फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 सालीच जाहीर केलं आहे. ज्या खोलीत नातवंडं खेळतात तिथे कशाला तो धंदा?

माती गार झाल्यावर ओल बघायची. मुठीत दाबली तर गोळा व्हावा, बोटांतून पाण्याची धार लागू नये. मग हात स्वच्छ धुऊन पेंढ्यावर दोन ते तीन सेंटीमीटरचा सारखा थर द्यायचा. थापायचा नाही, नुसता पसरायचा. पाणी फवाऱ्याने, बेताचं, खाली पेंढ्यापर्यंत झिरपणार नाही इतपत. दहाव्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके दिसले तेव्हा मी शेजारच्या वहिनींना हाक मारून दाखवले! आठवड्याने भाजी झाली. पाचपैकी चार पिशव्या लागल्या. पाचवीवर थर कडेला जाड पडला होता, तिथेच पाणी साचलं.

या सगळ्यावरून माझं एक मत झालं आहे. भाचा ज्या एक दिवसाच्या प्रशिक्षणाला गेला होता तिथे बियाणं कुठून घ्यायचं, माल कोण विकत घेणार, महिन्याला किती सुटतील यावर अख्खा दिवस गेला. केसिंगला दहा मिनिटं. माती फुकट मिळते म्हणून ती शिकायचीही गरज नाही असं सगळ्यांना वाटतं. मला वाटतं, दुधी किंवा बटन अळिंबी करायची तर माणसाने आधी केसिंग करायला शिकावं आणि मग बियाण्याला पैसे द्यावेत. जुनं शेणखत मिळवायलाच वेळ लागतो. तेवढा धीर नसेल तर धिंगरी करावी, तीही छान लागते. आणि पहिल्यांदाच 30 पिशव्या लावू नयेत, पाच लावाव्या. पाच गेल्या तर शिकवण होते, 30 गेल्या तर जेवणाच्या ताटावर बोलणी खावी लागतात.

तुम्ही म्हणाल, तयार केसिंग विकत मिळतं की. मिळतं, आणि मोठ्या शेडवाल्यांना ते परवडतही असेल. पण घरच्या चार-पाच पिशव्यांसाठी घरीच करावं. निदान आपण काय घातलं आहे ते आपल्याला ठाऊक असतं.

ताई, भाऊजी, तुम्ही दोघंही हे वाचता हे मला माहीत आहे. त्या दिवशी ताटावर बसून मी जे बोलायला हवं होतं ते आज बोलते. पोराची चूक नव्हती, बियाणं विकणाऱ्याचीही नव्हती. ज्या गोष्टीतलं मला कळत नव्हतं त्यात मी सल्ला दिला आणि त्याने मावशीवर विश्वास ठेवला. काल त्याला फोन करून हे सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "मला कळलं होतं गं, पण तुझं नाव कशाला घ्यायचं सगळ्यांसमोर?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

धुतलेल्या भुशाचं एक पोतं नाशिकला पाठवते आहे. शेणखत त्याने तिथे शोधायचं आहे, जुनं. भाऊजी, या खेपेला पाचच पिशव्या आहेत, पोराला बोलू नका.

बघा पटतंय का.