चूक टांकसाळीची की हातोड्याची?

इच्छापोरहून एका वाचक भगिनींनी तीन नाणी पाठविली आहेत. त्यांपैकी दोन रुपयांच्या नाण्यास मोबाईलवरील एका जाहिरातीत लाखाचे मोल सांगितले आहे. मात्र आधी नोंदणीपोटी पाच हजार रुपये धाडावयाचे! ही रक्कम मुलीच्या प्रवेशासाठी ठेवलेल्या पैशांतून द्यावी काय, असे त्या विचारतात.

ताई, एक पैसाही देऊ नका. रिझर्व्ह बँकेचे नाव पुढे करून जुन्या नाण्यांच्या व्यवहारात शुल्क उकळणाऱ्यांविषयी त्या बँकेनेच ४ ऑगस्ट २०२१ रोजी जनतेस सावध केले होते. आपण असे शुल्क घेत नाही व कोणास घेण्याचा अधिकारही दिलेला नाही, हे तिने स्पष्ट केले होते.

आता नाण्याकडे वळू. मुलाचे हिरे पारखण्याचे भिंग घरी आहे, असे आपण लिहिता. (इच्छापोरात ते नसते तरच नवल!) ते घ्या. सिंहमुद्रेच्या बाजूस २ चा आकडा उलटा व खोलगट दिसतो. अशी चूक टांकसाळीत खरोखर घडते. छापलेले नाणे एका ठशाला चिकटून राहते आणि पुढच्या कोऱ्या चकतीवर त्याचीच छबी आरशातल्यासारखी उलटी उतरते. परंतु त्या वेळी सिंहाचा ठसा चिकटलेल्या नाण्याने झाकलेला असतो. मग त्या बाजूस सिंह उमटणार कोठून? आपल्या नाण्यावर तर आकड्याखाली चेपलेले सिंह स्पष्ट दिसतात. कोणी तरी दोन नाणी एकावर एक ठेवून दाबली आहेत, एवढाच त्याचा अर्थ. त्याची किंमत दोन रुपये.

पाच रुपयांच्या नाण्यावर सालाखाली खूण नाही, यातही नवल नाही. मुंबईची खूण चौकट, हैदराबादची चांदणी, नोएडाची टिंब. कोलकात्याची खूणच नसते.

काठाचा चंद्रकोरीएवढा तुकडा नसलेले नाणे हाती आले, तर त्याच्या बरोबर समोरचा काठ पाहावा. चकतीच मुळात अपुरी कापली गेली असेल, तर छापण्याआधी यंत्रात कड उभारताना समोरच्या काठावर पुरेसा दाब येत नाही व तो बहुधा पुसट उठतो. मागाहून कानस चालविली असेल, तर समोरचा काठ ठसठशीत राहतो. हा नियम यंत्रावर पाडलेल्या नाण्यांपुरता. खुद्द सुरतेच्या टांकसाळीतील जुन्या, हाताने ठोकलेल्या रुपयांवर अक्षरे काठाबाहेर गेलेली आढळतात; ठसा चकतीहून मोठा असे, त्यामुळे ती चूक नव्हेच.

राहिला एक रुपया. त्यावर आकड्यापासून काठापर्यंत बारीक रेषा आहे. ती उंचावलेली आहे, खोल नाही. ओरखडा धातू खरवडतो. ठशास तडा गेला असेल, तर दाबाने धातू त्या फटीत शिरतो व नाण्यावर रेघ वर येते. ही मात्र टांकसाळीची अस्सल चूक! लाख सोडा, एखादा शौकीन थोडे अधिक देईल इतकेच. हे नाणे चिंचेने घासू नका. कागदात गुंडाळून ठेवा. तिन्ही नाणी परत पाठवीत आहे.