पहिली फिल्म कोणती घ्यावी?

निपाणीजवळच्या एका खेड्यातून एका तरुण वाचकाचे पत्र आम्हांस आले आहे. माळ्यावरील ट्रंकेत त्यास आजोबांचा अॅग्फा क्लिक ३ हा कॅमेरा सापडला. भिंग स्वच्छ आहे, खटकाही वाजतो. आजी नव्वदीस टेकली आहे; तिचा फोटो मोबाईलवर न काढता आजोबांच्याच कॅमेऱ्याने काढून सोप्यात लावावा, अशी त्याची इच्छा आहे. फिल्म कोणती घ्यावी, एवढेच तो विचारतो.

प्रथम कॅमेरा उघडून पाहावा. क्लिकला १२० क्रमांकाचा रोल लागतो व त्यावर १२ चौकोनी फोटो येतात. ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यास २४ किंवा ३६ फोटोंची डबी लागते. कोडॅकचे काही जुने पेटीकॅमेरे मात्र ६२० चा रोल मागतात आणि तो कोडॅकने १९९५ सालीच बंद केला. तेव्हा फसू नये.

मग येतो फिल्मचा वेग. डबीवरील १००, ४०० हे आकडे प्रकाश टिपण्याची शक्ती दाखवितात. ४०० ची फिल्म १०० च्या चौपट संवेदनक्षम. ज्या कॅमेऱ्यात शटर व अॅपर्चर हवे तसे बदलता येते, त्यात नवशिक्याने ४०० ची घ्यावी. लख्ख उन्हात अॅपर्चर १६ व शटर सेकंदाचा १/५०० भाग ठेवला की काम झाले. ढगाळ दिवशीही तीच निभावते. क्लिकसारख्या साध्या कॅमेऱ्यात असा बदल फारसा करता येत नाही. तेथे ४०० ची फिल्म उन्हात भाजून निघते. त्यास १०० ची कृष्णधवल फिल्मच योग्य. थोडा अधिक प्रकाश ती सहज पोटात घालते.

थोडा कमी प्रकाश मात्र नाही! हे आम्ही स्वतः भोगले आहे. जुलैची झड लागलेली, आमची आजी सोप्यात बसलेली, आणि आमच्या हाती असाच साधा कॅमेरा, आत १०० चा रोल. बाराही फोटो तेथेच काढले. निगेटिव्ह जवळजवळ कोरे निघाले. पुढची उघडीप येईतो आजी राहिली नाही.

रंगीत फिल्मचा मोह तूर्त आवरावा. तिला ठराविक तापमानाची रसायने लागतात. कृष्णधवल रोल थोड्या सरावाने घरीही धुता येतो. गावोगावचे स्टुडिओ आता हे काम सहसा करीत नाहीत, म्हणून रोल टपालाने कोठे धाडावयाचा हे आधी ठरवावे. उटकमंडला १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू' फिल्म जुन्या पेटीत मिळाली, तर ती जपून ठेवावी, कॅमेऱ्यात घालू नये. तो कारखाना बंद पडला. ते रोल केव्हाच मुदतीबाहेर गेले.

रोल सावलीत भरावा. पाठीवरील तांबडी खिडकी उन्हात झाकावी. आजीस अंगणात खुर्चीवर बसवून दहा फुटांवर उभे राहावे. त्याहून जवळ गेल्यास चेहरा पुसट येईल. उन्हे सरळ डोळ्यांवर नकोत. पांढऱ्या ढगांचा उजळ दिवस क्लिकला उत्तम मानवतो. दिवाळीतल्या स्वच्छ उन्हासाठी हवे तर सहा फोटो राखून ठेवावेत, पण पहिले सहा येत्या उघडिपीतच काढावेत.