गाडी गिअरची की बिनगिअरची?



उसाचे बिल जमा झाले की आधी सोसायटीचे कर्ज, मग विहिरीची मोटार, आणि उरलेच काही तर चारचाकीचा विषय निघतो. अलीकडे त्यात नवा वाद शिरला आहे. पोरगा म्हणतो, "ऑटोमॅटिकच घेऊ." बाप म्हणतो, "गिअर नाही ती गाडी कसली?" आमच्या मते दोघेही अर्धेच बघतात.

मुळात 'ऑटोमॅटिक' या एका नावाखाली निरनिराळा माल विकला जातो. स्वस्तातल्या गाड्यांत बहुधा ए.एम.टी. असते, २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओत ती आली नि मग सगळीकडे दिसू लागली. तिचा गिअरबॉक्स साधाच, क्लच प्लेटही आहेच. फक्त आपल्या पायाचे काम यंत्र करते. जुन्या पद्धतीच्या खऱ्या ऑटोमॅटिकमध्ये त्या प्लेटच्या जागी तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो. हा फरक गळिताच्या हंगामात कळतो. कारखान्याच्या रस्त्याला ट्रॉल्यांची रांग, त्यात चढ, पुढची ट्रॉली हातभर सरकते अन् थांबते. अशा वेळी हाफ क्लचवर रेटत राहिले की प्लेट जळाल्याचा वास सुटतो. ए.एम.टी.चीही तीच गत. तेलवाली मात्र निवांत सरकते. तेव्हा शोरूममध्ये रंग विचारण्याआधी विचारा, "ए.एम.टी. आहे की टॉर्क कन्व्हर्टर?"

किंमत अर्थात जास्त पडते. शिवाय ज्यांची वस्ती पाणंदीच्या टोकाला आहे त्यांना आम्ही साधी गाडीच सुचवू. बॅटरी उतरली तर चार गडी ढकलून ती चालू करतात. तेलवाली तशी होत नाही, कारण इंजिन बंद म्हणजे तेलाचा पंपही बंद. ओढून न्यायची तरी इंजिनचा जोर जाणारी चाके उचलावी लागतात, नाहीतर गिअरबॉक्सचे वाटोळे.

पण आमच्याच घरचे सांगतो. डावा गुडघा गेल्यावर आमची गिअरची गाडी वर्षभर दारात उभी होती. सूनबाई शिकली होती, पण चढावर गाडी मागे येते म्हणून धास्तावायची. एका रात्री दवाखान्यात जायला शेजारच्या वस्तीवरून ड्रायव्हर उठवून आणावा लागला. तेव्हापासून आमचे मत बदलले. गाडी कोणत्या रस्त्याने जाणार हे बघाच, पण रात्री दोन वाजता ती चालवणार कोण, हे आधी बघा.

एक धोका मात्र सांगितलाच पाहिजे. ट्रॅक्टरवर मुरलेला डावा पाय क्लच शोधतो, ऑटोमॅटिकच्या रुंद ब्रेकवर पडतो आणि गाडी गचकन थांबते. मागून ट्रॉली असेल तर संपलेच. म्हणून पहिले आठ दिवस मोकळ्या माळावर चालवा आणि डावा पाय मागे दुमडून ठेवा.