परतायची वेळ घरूनच ठरवा

मागच्या महिन्यात नववीतल्या एका मुलीची अम्मी शाळेत भेटायला आल्या. मुलीला डिसेंबरात एका ट्रेकिंग ग्रुपबरोबर कळसूबाईला जायचे होते. अब्बूंनी साफ नकार दिला होता. "सर, तुम्हीच समजवा तिला. पोरीच्या जातीला हे डोंगर कशाला?" आम्ही सहज विचारले, "आणि तिचा भाऊ?" त्या म्हणाल्या, "तो? तो पावसाळ्यात दर रविवारी दोस्तांबरोबर धबधब्यावर असतो. मुलगाच आहे, त्याला काय विचारायचं?"

आम्ही थोडा वेळ गप्प बसलो. कारण त्या घरात जास्त जोखीम कोण घेत होते, ते आम्हाला स्पष्ट दिसत होते, आणि ती मुलगी नव्हती.

खरे सांगायचे तर हे शहाणपण आम्हाला पुस्तकातून आलेले नाही. काही वर्षांपूर्वी जुलैतल्या एका रविवारी आम्ही सहकुटुंब एका ओढ्यावर गेलो होतो. पाणी घोट्याएवढे. मधल्या मोठ्या खडकावर दस्तरख्वान अंथरला, बिर्याणीचा डबा उघडला. आमच्यावर पाऊस नव्हता. तेवढ्यात काठावरून एक गुराखी म्हातारबाबा ओरडले, "अहो, पाणी बघा, लाल व्हायलंय! पोरं काढा आधी!" खरेच, पाणी गढूळ झाले होते, काटक्या आणि पालापाचोळा वाहून येत होता. मुलांना उचलून आम्ही काठ गाठला. डबा तिथेच राहिला. वीस मिनिटांत तो खडक दिसेनासा झाला. वर पठारावर पाऊस कोसळला होता आणि त्याचे पाणी आमच्यापर्यंत यायला वेळ लागला होता, इतकेच.

घरी आल्यावर आम्ही स्वतःलाच विचारले, आपण तिथे बसलोच का? उत्तर लाजिरवाणे होते. आणखी चार कुटुंबे तिथे बसली होती म्हणून. आणि "आपण दरवर्षी येतो, काही होत नाही" म्हणून. पण दरवर्षी काही झाले नाही याचा अर्थ जागा सुरक्षित आहे असा होत नाही. कधीकधी त्याचा अर्थ एवढाच असतो की आजवर आपण वाचलो.

30 जून 2024 चा रविवार आठवतो ना? लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याचे एक कुटुंब पाण्याच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभे होते. ते चित्रण आपण सगळ्यांनी पाहिले. एक महिला आणि चार मुले, असे पाच जीव गेले. ती माणसे बेफिकीर नव्हती. आपल्यासारखीच घरातली मंडळी घेऊन सहलीला आली होती. म्हणून त्यांना दोष देण्यापेक्षा पाण्याचा हिशेब समजून घेणे बरे. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा लोटण्याचा जोर चौपट होतो. म्हणून गुडघाभर वाहते पाणीही धट्ट्याकट्ट्या माणसाला आडवे करते.

आठवीच्या वर्गात आम्ही फळ्यावर दोन प्रश्न लिहितो. पहिला, वाईट घडण्याची शक्यता किती? दुसरा, घडलेच तर नुकसान किती? शेवाळलेल्या दगडावरून पाय अंगणातही घसरतो आणि कड्यावरही घसरतो. घसरण्याची शक्यता तितकीच. पण अंगणात गुडघा फुटतो, कड्यावर दुसरी संधी मिळत नाही. 16 जुलै 2024 ला माणगावजवळच्या कुंभे धबधब्यापाशी चित्रीकरण करताना एक तरुणी सुमारे तीनशे फूट खोल दरीत कोसळून मरण पावली. पाय घसरण्याइतकीच चूक, पण जागा कड्याची. म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर "फारशी नाही" असले, तरी दुसऱ्याचे उत्तर "जीव" असेल तर तिथून दहा पावले मागे यावे.

मुलगा असो वा मुलगी, घरातून निघण्याआधी एवढे विचारा. बरोबर कोण आहे, आणि वाट माहीत असलेला माणूस त्यात आहे का? हवामान खात्याचा इशारा पाहिला का? प्रथमोपचाराची पेटी कुणाकडे आहे? तिथे मोबाइलला रेंज नसेल तर घरी कोणत्या वेळेपर्यंत निरोप येणार? आणि मागे कधी फिरायचे? ही वेळ घरूनच ठरवावी. शिखर समोर दिसत असताना, दोस्त पुढे बोलावत असताना, ती वेळ ठरवता येत नाही. कुणी पाण्यात पडलेच तर त्याच्यामागे उडी मारू नये. अशाने एकाचे दोन होतात. काठावरून दोर, काठी, गाठ मारलेल्या ओढण्या, जे हाताशी असेल ते फेकावे. 112 आणि 108 हे क्रमांक मुलांना तोंडपाठ असावेत. आणि गावातला माणूस "पुढे जाऊ नका" म्हणाला तर त्याचे ऐकावे. आमची मुले आज घरात आहेत, ती अशाच एका माणसामुळे.

काही वडीलधारे म्हणतात, "तकदीरमध्ये असेल ते होणार, एवढा विचार कशाला?" पण आधी उंट बांधा आणि मग तवक्कल करा, ही शिकवण आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेली आहे. दोरी हातात असून उंट मोकळा सोडणे याला तवक्कल म्हणत नाहीत.

दुसरीकडे, सगळे बंद करून मुलांना घरात बसवणे हाही इलाज नव्हे. ज्या मुलाने कधी चढ चढलाच नाही, त्याला उतार कसा समजणार? जोखीम ओळखणे हे पोहण्यासारखे आहे. ते जाणत्या माणसाजवळ, थोड्या पाण्यात शिकावे लागते.

त्या अम्मींना आम्ही हेच प्रश्न एका कागदावर लिहून दिले आणि म्हटले, "दोघांनाही विचारा." आठ दिवसांनी अब्बू स्वतः आले. मुलीने सगळी उत्तरे ग्रुपकडून आणली होती: नेता कोण, लोखंडी शिड्यांवर किती मुलांमागे एक जाणता, मागे फिरायची वेळ कोणती. मुलाकडे एकाचेही उत्तर नव्हते.

"सर," ते म्हणाले, "पोरीला पाठवतो. पोराचं काय करू?"

आम्ही म्हणालो, "त्यालाही तिच्याबरोबर पाठवा. शिकेल."