इसबावरची क्रीम विकायचीय? आधी लेबल नीट लिहा

'सर, कडुलिंब-करंजाची क्रीम घरी बनवते. लेबलवर "इसब बरा होतो" लिहू का?' असा प्रश्न हल्ली वारंवार येतो. माझं उत्तर एकच : नका लिहू.

'पण ग्राहकांना फरक पडतो ना!' पडतही असेल. पण इसब आपोआप कमी-जास्त होत राहतो. खाज असह्य झाली की माणूस डबी विकत घेतो आणि थोड्या दिवसांत तो उतरतो. श्रेय जातं क्रीमला. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरचे दहा छान मेसेज म्हणजे पुरावा नव्हे.

मोठ्यांचंही असंच होतं. अमेरिकेत निरोगी त्वचेवरचे रोझिओमोनास नावाचे जिवंत जंतू इसबाच्या रुग्णांवर फवारून पाहिले. २०१८ मध्ये १० प्रौढ आणि ५ मुलांवरचे निकाल आशादायक होते. पण तुलनेसाठी कोणाला नुसता, जंतू नसलेला फवारा दिलेला नव्हता. पुढे फोर्ट बायोसायन्सेस कंपनीने तशी तुलना करून मोठी चाचणी घेतली. २०२१ मध्ये ती फसली. म्हणून 'मायक्रोबायोम क्रीम' हा शब्द बघून लगेच उडी मारू नका. शिवाय साधा हिशोब बघा : क्रीम टिकवायला प्रिझर्व्हेटिव्ह लागतं आणि तेच जंतूंना मारतं. मग डबीत जिवंत काय उरणार?

'झाडपाल्याचं आहे, अपाय नाही' हेही खरं नाही. लव्हेंडर, टी-ट्री अशा सुगंधी तेलांची अ‍ॅलर्जी होते आणि इसबाची त्वचा आधीच नाजूक असते.

आता कायदा. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार, रोग बरा करण्यासाठी म्हणून विकलेली वस्तू औषध ठरते. म्हणजे लेबलवरची एक ओळ तुमची क्रीम औषधाच्या परवान्यात नेऊन बसवते. आणि दावा नसला तरी सौंदर्यप्रसाधन बनवायला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतोच, घरी बनवलं तरी.

मग विकायचं काय? ओलावा! इसबात डॉक्टरही मॉइश्चरायझर रोज लावायला सांगतात. बिनवासाचं, मोजक्या घटकांचं, बॅच नंबर टाकलेलं साधं मॉइश्चरायझर बनवा. लेबलवर लिहा : 'कोरड्या त्वचेसाठी'. आणि ग्राहकाला तोंडाने सांगा, 'डॉक्टरांचं औषध बंद करू नका.'

हे वाक्य ऐकून एखादं गिऱ्हाईक जाईल. पण तुमच्या डबीच्या भरवशावर एखाद्या आईने लेकराचं औषध थांबवलं, तर त्याची भरपाई कुठल्याच नफ्यातून होत नाही.

तुमच्या लेबलवर आज काय लिहिलंय? कमेंटमध्ये टाका, एकेक ओळ बघू.