शत्रू दिसला तरच शौर्य? : सरकारी पदकांचा जुना हिशेब

दरवर्षी प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिन तोंडावर आला की दिल्लीहून शौर्यपदकांची यादी प्रसिद्ध होते. आपल्या राज्याच्या वाट्याला किती पदके आली एवढे वृत्तपत्रे मोजतात आणि विषय मिटतो. या धाग्यात ती यादी निराळ्या रीतीने वाचायची आहे. माझे म्हणणे आरंभीच मांडतो. आपले राज्य शौर्य मोजताना पत्करलेला धोका मोजत नाही, समोरचा शत्रू मोजते. आणि हे माप स्वतंत्र भारताने घडवलेले नसून साम्राज्याकडून आयते आलेले आहे.

२३ जानेवारी १९०९. लंडनच्या टॉटनहॅम भागात कारखान्याच्या पगाराची रक्कम लुटून दोन सशस्त्र इसम पळाले. पाठलागात एक पोलीस शिपाई आणि दहा वर्षांचा एक मुलगा मारला गेला. लोकक्षोभ मोठा होता. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये सातव्या एडवर्डने ‘किंग्ज पोलीस मेडल’ स्थापन केले. अग्निशमन दलाचे लोकही त्यास पात्र होते, परंतु पदकाच्या नावात त्यांना जागा नव्हती. ‘फायर सर्व्हिसेस’ हे शब्द नावात येण्यास १९४० साल, म्हणजे दुसरे महायुद्ध उजाडावे लागले. एकतीस वर्षे आगीशी झुंजणारा माणूस पोलिसाच्या नावाचे पदक छातीवर लावीत होता!

याहून बोलका तपशील पुढे आहे. या पदकांना वार्षिक मर्यादा होती : एकूण १२०. त्यांपैकी ब्रिटनसाठी ४०, स्वायत्त वसाहतींसाठी ३० आणि एकट्या हिंदुस्थानासाठी ५०. हिंदुस्थानातील पोलीस लंडनच्या पोलिसांहून अधिक शूर होते, असा काही याचा अर्थ नव्हे. जिथे राज्य टिकवण्यासाठी पोलिसांची गरज अधिक, तिथे पदकेही अधिक. शिवाय शौर्य आणि ‘विशेष सेवा’ या दोहोंसाठी कित्येक वर्षे हेच एक पदक दिले जात असे. बंगालमधील क्रांतिकारकांचा माग काढणारे चार्ल्स टेगार्ट १९११ मध्ये या पदकाचे मानकरी ठरले. साम्राज्याच्या दृष्टीने त्यात विसंगत काहीच नव्हते.

आता मुंबईकडे वळू. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया गोदी. ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके, कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा होत्या. दुपारी तळघरातून धूर दिसू लागला. बंब आले, पाण्याचे झोत सुरू झाले. (जुना मुंबईकर अग्निशमन केंद्राला ‘बंबखाना’ म्हणतो, शब्द वापरात ठेवण्याजोगा आहे.) आग आटोक्यात येईना. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडून जाण्याचा हुकूम सुटला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला प्रचंड स्फोट झाला, तेव्हा बंबखान्याचे लोक आपल्या जागी होते. काही वेळाने दुसरा स्फोट झाला. १,७०० किलोमीटरांवरील सिमल्यात भूकंपमापकाची सुई हलली.

त्या दिवशी मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले.

युद्धकाळ असल्याने बातमीवर सेन्सॉरचा पहारा बसला. जपान्यांच्या ताब्यातील सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी तपशील सांगितला. आपल्याकडून सविस्तर वृत्ते बाहेर जायला मात्र मे महिना उजाडला. शत्रूला सारे ठाऊक होते, ज्यांच्यासाठी हे ६६ जण मेले त्या देशाला तेवढे ठाऊक नव्हते. १४ एप्रिल हा दिवस आजही देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. पण तो कोणत्या ६६ जणांमुळे पाळला जातो, हे आपल्यापैकी किती जणांनी शाळेत ऐकले?

स्वातंत्र्यानंतर मापे बदलण्याची संधी होती. १ मार्च १९५१ रोजी राष्ट्रपतींचे पोलीस व अग्निशमन सेवा पदक अस्तित्वात आले : राजा गेला, राष्ट्रपती आले, साचा तोच राहिला. १९५२ मध्ये अशोकचक्र मालिका सुरू झाली. तिची व्याख्या मुळातून वाचा. शत्रूसमोर नसताना गाजवलेले असामान्य शौर्य, साहस वा आत्मबलिदान यांसाठी हा सन्मान आहे. म्हणजे शत्रूविना शौर्य असू शकते, हे आपल्या राज्याने कागदावर फार पूर्वीच मान्य केले आहे.

व्यवहार पाहू. २०२४ पासून सोळा निरनिराळी पदके चार पदकांत विलीन झाली आणि पोलीस व अग्निशमन जवान यांना एकच शौर्यपदक मिळू लागले. ही सुधारणा चांगलीच आहे. २०२५ च्या प्रजासत्ताक दिनी ९५ शौर्यपदके जाहीर झाली : ७८ पोलिसांना, १७ अग्निशमन दलांना. सतरा ही संख्या तुच्छ नाही, हेही मान्य. पण त्याच घोषणेतील वर्गवारी पाहा. नक्षलप्रभावित भाग २८, जम्मू-काश्मीर २८, ईशान्य भारत ३ आणि उरलेला अवघा देश ३६. शौर्याचा हिशेब संघर्षाच्या नकाशावर मांडला आहे. किती जणांना पुरातून काढले, किती जणांना आगीतून, असा रकाना त्या वर्गवारीत नाही.

शत्रू मोजण्याच्या सवयीची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मारली गेली. त्यावरील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये निर्देश दिले : चकमकीनंतर लगेच बढती वा शौर्यपुरस्कार देऊ नयेत, संबंधितांचे शौर्य निःसंशय सिद्ध झाल्यावरच त्यांची शिफारस व्हावी. न्यायालयाला हे लिहावे लागले, यातच सर्व आले. आगीत शिरलेल्या माणसाविषयी असा निर्देश देण्याची वेळ कोणत्याही न्यायालयावर येणार नाही. आग बनावट असत नाही.

येथे कोणी तुकाराम ओंबळे यांचे नाव घेईल, आणि घ्यावेच. सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे हे सहायक उपनिरीक्षक. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांनी कसाबच्या एके-४७ ची नळी धरली आणि गोळ्या अंगावर घेऊनही सोडली नाही. २००९ मध्ये त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. पण त्यांनी नेमके काय केले? त्यांनी कोणाला ठार मारले नाही. सहकाऱ्यांवर येणाऱ्या गोळ्या स्वतः झेलल्या आणि एक मारेकरी जिवंत हाती दिला, म्हणूनच पुढे खटला उभा राहिला. ओंबळ्यांचे शौर्य माझ्या विरोधात जात नाही. जीव वाचवण्यासाठी जाणूनबुजून पत्करलेला धोका हेच शौर्याचे माप, याचे त्याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

नेहमीचा आक्षेप असा, की आगीत शिरणे हे तर त्यांचे कामच आहे, त्यात शौर्य कसले? मग सीमेवर उभे राहणे हे सैनिकाचे काम नव्हे काय? चौपाटीवर नाकाबंदी करणे हे ओंबळ्यांचे काम नव्हते काय? गंमत अशी, की हाच आक्षेप सरकारी नियमांत दडलेला आहे. १९६१ पासून जीव वाचवणाऱ्यांसाठी जीवन रक्षा पदक दिले जाते. त्याच्या नियमानुसार सैन्य, पोलीस आणि मान्यताप्राप्त अग्निशमन सेवा यांतील व्यक्ती तेव्हाच पात्र ठरते, जेव्हा तिचे कृत्य कर्तव्याबाहेरचे असते. सुट्टीवर असताना विहिरीत उडी मारली तर जीवनरक्षक. गणवेशात मारली तर ते नित्यकर्म!

मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीला आग लागली. जळती इमारत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाचे चार वरिष्ठ अधिकारी गेले. दोघे त्याच दिवशी, आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह दोघे पुढील काही दिवसांत रुग्णालयात. चौघेही कर्तव्यावर होते.

तेव्हा मागणी छोटी आहे. जीवन रक्षा पदकाच्या नियमातील ‘कर्तव्याबाहेर’ ही अट काढून टाकावी, आणि जानेवारी-ऑगस्टच्या घोषणेत प्रदेशांच्या रकान्यांशेजारी आणखी एक रकाना छापावा : वाचवलेले जीव.